गाडी डावीकडे ओढते, दोष कुणाचा?

दिवाळीच्या साफसफाईबद्दल या अंकात लिहीन असं मागच्या वेळी कबूल केलं होतं. पण डब्यांचे चिकट झालेले तळ आणखी एक आठवडा थांबू शकतील. त्याआधी तुम्हाला जे सांगायचं आहे ते थांबण्यासारखं नाही. विषय स्वयंपाकघरापासून जरा लांबचा आहे, पण ज्या घरच्या अंगणात नाहीतर फाटकाबाहेर एक लहानशी मोटार उभी असते, त्या प्रत्येक घराचा आहे. आणि गाडी तुम्ही चालवत नसलात तरी तिच्यात बसता की नाही? मुलंबाळं तिच्यातूनच जातात ना? मग वाचाच.

सुरुवात माझ्याच फजितीपासून करते.

गेल्या वर्षी मार्चमध्ये ह्यांची बायपास झाली. डॉक्टरांनी बजावलं, पुढचे काही महिने स्टिअरिंगला हात लावायचा नाही. माझ्याकडे लायसन होतं, पण ते सोन्याच्या पाटल्यांसारखं. असायचं कपाटात, बाहेर निघायचं सणासुदीला. गावातल्या गावात मंडई, बँक, फार तर माहुलीपर्यंत. आता मात्र दर दीड-दोन महिन्यांनी तपासणीला साताऱ्याहून पुण्याला जायचं, म्हणजे जाऊन येऊन सव्वादोनशे किलोमीटर. दर वेळी ड्रायव्हर करणं परवडेना. शेवटी पदर खोचला आणि बसले.

एप्रिल, मे, जून बरे गेले. पावसाळ्यात एका रात्री, लाईट गेलेले असताना, पाण्याने भरलेल्या एका खड्ड्यात डावं चाक असं काही आपटलं की दात वाजले. उतरून बघितलं, टायर शाबूत, हवा शाबूत. म्हटलं सुटलो.

आणि त्यानंतर सुरू झालं एकच पालुपद. हे शेजारी बसून म्हणायचे, "अगं, डावीकडे जातेस. जरा सरळ धर ना." धाकटे भावजी एकदा मागे बसले होते, ते हसून म्हणाले, "वहिनी, नव्या हाताला असंच होतं. जमेल हळूहळू." खरं सांगते, मलाही ते पटलं. गाडी डावीकडे जात होती, आणि चालवत होते मी. मग दोष आणखी कुणाचा असणार? पुण्याहून आलं की उजवा खांदा रात्रभर ठणकायचा. मी त्याला बाम चोळायची आणि मनाशी म्हणायची, वय झालं, आता हे आपल्याच्याने होणार नाही. ऑक्टोबरच्या तपासणीला ड्रायव्हर सांगायचा, असंही ठरवून टाकलं. तो ऐन वेळी आला नाही म्हणून पुन्हा माझ्यावरच पाळी आली.

आदल्या संध्याकाळी पेट्रोल आणि हवा भरायला पंपावर गेले. हवा भरणारा मुलगा अठरा-एकोणीस वर्षांचा असेल. पुढच्या चाकाशी वाकला, आणि वाकलेलाच राहिला. मग म्हणाला, "काकू, स्टिअरिंग पूर्ण उजवीकडे फिरवा बरं." फिरवलं. "आता उतरा आणि इथे बघा."

बघितलं. टायरची बाहेरची बाजू, जी आपल्याला रोज दिसते, ती छान नवी. खाचा खोल, काळाभोर रबर. आणि आतली कड मात्र तळहातासारखी गुळगुळीत, आणि एका जागी रबर संपून आतली बारीक तार चमकत होती. उजव्या टायरलाही आतून तीच कळा, फक्त तार अजून दिसत नव्हती. सहा महिन्यांपूर्वी घेतलेले टायर!

"काकू, ह्या टायरवर हायवेला जाऊ नका," तो मुलगा म्हणाला.

दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला आम्ही निघणार होतो. शेजारी छाती शिवलेला माणूस.

तपासणी दोन दिवस पुढे ढकलली आणि गाडी आमच्या नेहमीच्या मिस्त्रींकडे नेली. त्यांनी गाडी वर उचलली आणि दहा मिनिटांत निदान सांगितलं. खड्ड्याच्या दणक्याने डाव्या चाकाला धरून ठेवणारा खालचा दांडा, ज्याला ते लोअर आर्म म्हणतात, तो किंचित वाकून मागे सरकला होता आणि त्याचा रबरी बुश फाटला होता. त्यामुळे चाकं आपापल्या रेघेत राहिली नव्हती. मिस्त्री म्हणाले, "वहिनी, एवढी ओढणारी गाडी तुम्ही चार महिने हायवेला सरळ ठेवलीत? तुमच्या हाताला सलाम आहे."

मैत्रिणींनो, त्या क्षणी मला रडू आलं, हे लिहायला मला लाज वाटत नाही. चार महिने मी दोष माझ्या हाताला देत होते, आणि दोष होता चाकात.

नवा दांडा, दोन नवे टायर आणि अलाइनमेंट मिळून तेरा-चौदा हजारांना पडलं. खड्ड्यानंतर लगेच दाखवलं असतं तर टायरांचे सात-आठ हजार तरी नक्की वाचले असते. म्हणून आज हा सगळा प्रपंच.

अलाइनमेंट म्हणजे काय?

सोप्या शब्दांत सांगायचं तर चारही चाकं एकमेकांशी आणि रस्त्याशी नीट रेघेत असणं. यात तीन मापं असतात. नावं इंग्रजी आहेत, पण घाबरू नका. आपल्या पायांवरून चटकन समजतात.

पहिलं माप म्हणजे टो. आपण चालताना पावलं कशी पडतात बघा. कुणाचे चवडे आत वळतात, कुणाचे बाहेर. पुढच्या दोन चाकांचे 'चवडे' आत वळले असतील तर टो-इन, बाहेर फाकले असतील तर टो-आउट. टायर खाणारं मुख्य माप हेच.

दुसरं कॅम्बर. गाडीसमोर उभं राहून पाहिलं तर चाक ताठ उभं आहे, की माथा आत झुकलाय, की बाहेर? गवंडी भिंतीला ओळंबा लावून बघतो ना, तसं. बहुतेक गाड्यांत थोडासा कल मुद्दामच ठेवलेला असतो. फरक डाव्या-उजव्यात नको.

तिसरं कॅस्टर. हे बाजूने बघायचं. सायकलचा पुढचा चिमटा सरळ खाली न येता तिरका असतो, त्यामुळे सायकल आपणहून सरळ जाऊ बघते. मोटारीतही तसाच कल असतो. वळणानंतर स्टिअरिंग आपोआप जागेवर येतं ते मुख्यतः त्याच्यामुळे. हा कल एका बाजूला कमी झाला की गाडी त्याच बाजूला ओढते. माझ्या गाडीचं नेमकं हेच झालं होतं: दांडा मागे सरकला, डावीकडचा कॅस्टर कमी झाला आणि गाडी डावीकडे. टो बिघडला होता तो वेगळाच; त्याने टायर खाल्ले.

दोन मिलिमीटर इकडे की तिकडे, एवढं काय त्यात, असं तुम्ही म्हणाल. मीही म्हटलं. मग मिस्त्रींनी कागदावर हिशेब करून दाखवला. माझ्या गाडीचा टो-आउट एकूण ६ मि.मी. होता, म्हणजे प्रत्येक चाकाच्या वाट्याला ३. लहान गाडीच्या टायरचा व्यास साधारण ५६० मि.मी. म्हणजे चाक ५६० मि.मी. पुढे जाताना ३ मि.मी. आडवं घासतं. दर किलोमीटरला झाले सव्वापाच मीटरहून जास्त. हजार किलोमीटर गाडी चालली की तो टायर पाच किलोमीटर चक्क आडवा खरवडला जातो! किसणीवर खोबरं धरून पाच किलोमीटर चालल्यासारखंच की. शिवाय पेट्रोल जास्त जळतं ते वेगळं.

माहेरी बाबांची प्रीमियर पद्मिनी होती. तेव्हा गॅरेजमध्ये एक लांब सळईसारखं माप चाकांच्या पुढे आणि मागे लावून टो बघत. पद्मिनी काय किंवा ॲम्बॅसॅडर काय, त्यांना रेटा मागच्या चाकांचा. पुढची चाकं चालताना फाकायला बघत, म्हणून उभ्या गाडीत ती थोडी आत वळवून ठेवत. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली आणि पुढच्या चाकांनी ओढणाऱ्या लहान गाड्या घरोघरी झाल्या. अशा गाड्यांत टो बहुधा शून्याच्या आसपास ठेवतात. म्हणून जुन्या माणसांनी 'थोडं आत घे' म्हटलं तरी ऐकू नका; आपल्या गाडीच्या पुस्तकातला, नाहीतर मशीनमध्ये भरलेला कंपनीचा आकडाच खरा.

घरी तपासायच्या तीन गोष्टी

पहिली, डोळ्यांची आणि हाताची. महिन्यातून एकदा, रविवारी सकाळी. सपाट जागेवर हँडब्रेक लावून स्टिअरिंग पूर्ण एका बाजूला फिरवा. पुढच्या टायरची अख्खी रुंदी समोर येते. आतली कड बघा, बाहेरची बघा. मग दुसऱ्या बाजूला फिरवून दुसरा टायर. मागच्या टायरांसाठी वाकायला नको, मोबाइल खाली धरून फोटो काढा. टायर तुमच्याशी बोलतो, फक्त भाषा समजली पाहिजे:

मधोमध झिज – हवा जास्त भरली जाते.
दोन्ही कडांना झिज – हवा कमी असते.
फक्त आतली किंवा फक्त बाहेरची कड गेलेली – अलाइनमेंट बिघडलेली.
जागोजागी खळगे – बॅलन्सिंग किंवा शॉक ॲब्सॉर्बर दाखवा.

मग हात. जुनं जाड फडकं किंवा हातमोजा घालून (तार निघाली असेल तर बोट कापेल, बरं का!) टायरच्या माथ्यावरून हात आडवा फिरवा, बाहेरून आत आणि आतून बाहेर. एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने करवतीसारखं खरखरीत लागलं तर टो बिघडलेला आहे. झिज डोळ्यांना दिसण्याआधी हे हाताला कळतं. पुऱ्यांच्या पिठाला मोहन पुरेसं आहे का हे आपल्याला जिभेआधी हातालाच कळतं ना, तसं.

खाचांच्या तळाशी जागोजागी छोटे आडवे उंचवटे असतात, ते १.६ मि.मी. उंचीचे. टायर झिजून त्यांच्या बरोबरीला आला की तो बदलायचाच. 'अजून एक पावसाळा काढेल' असं म्हणू नका. पाणी बाजूला सारायला खाचच उरत नाही आणि गाडी पाण्यावरून घसरते.

दुसरी, रस्त्यावरची. आधी चारही चाकांची हवा गाडी थंड असताना सारखी करून घ्या; नुसती एका बाजूची हवा कमी असली तरी गाडी तिकडे ओढते. मग मोकळ्या, सरळ, सपाट रस्त्यावर ताशी ४० च्या वेगाने जाताना स्टिअरिंगवरची पकड हलकी करा. हात काढायचे नाहीत, हलके धरायचे. गाडी लगेच एका बाजूला निघाली का? आणि सरळ जात असताना स्टिअरिंगची दांडी आडवी सरळ आहे, की टोपी तिरकी घातल्यासारखी?

इथे एक मेख आहे. पाणी निथळावं म्हणून रस्त्याला मधून कडेला उतार असतो, आणि आपण डावीकडून चालतो. म्हणून चांगली गाडीसुद्धा अगदी हळूहळू डावीकडे सरकते. त्याला घाबरू नका. पण चार-पाच सेकंदांत लेन सोडायला लागली, किंवा हात सतत ताणून धरावा लागला, तर दाखवा. ओढ फक्त ब्रेक दाबताना असेल तर तो ब्रेकचा दोष. थोडं चालवून आल्यावर एकाच चाकाजवळ जास्त धग लागली तरीही ब्रेक चिकटत असेल. धग नुसती जवळ हात नेऊन बघा, चाकाला हात लावू नका, भाजेल.

तिसरी, टेपची. ही दोघांनी करायची. मी ह्यांनाच हाताशी घेतलं. घरी बसून कंटाळलेच होते.

१. सपाट फरशी किंवा सिमेंटची जागा घ्या. हवा बरोबर असू द्या, डिकीतलं सामान उतरवा. स्टिअरिंग सरळ ठेवून गाडी चार-पाच फूट पुढे ढकला आणि थांबा. मागे घेऊ नका.

२. पुढच्या दोन्ही टायरांवर मागच्या बाजूला, जमिनीपासून १५ सें.मी. उंचीवर, टायरच्या साधारण मध्यावर खडू घासा आणि त्यावर बॉलपेनने बारीक उभी रेघ काढा. दोन्हीकडे उंची एकच हवी.

३. टेप गाडीखालून सरकवून एकीने इकडे, दुसऱ्याने तिकडे धरा. रेघ ते रेघ अंतर मिलिमीटरमध्ये लिहून ठेवा. टेप ताठ हवी, झोळ नको. गाडीखाली कुणी शिरायचं नाही, जॅक लावायचा नाही, आणि दर वेळी चाकाला वीट लावायची.

४. आता गाडी सरळ पुढे ढकला. त्याच रेघा वरून फिरून समोर येतील. त्या पुन्हा १५ सें.मी. उंचीवर आल्या की थांबा. गाडी मीटरभराहून थोडी जास्त सरकते.

५. समोरून त्याच रेघांमधलं अंतर मोजा. त्याच रेघा का? टायर किंवा रिम थोडी वाकडी असली तर तिचा घोटाळा दोन्ही मापांत सारखाच येतो आणि वजाबाकीत निघून जातो.

६. मागचं माप जास्त असेल तर टो-इन, समोरचं जास्त असेल तर टो-आउट. तीनदा मोजा. तिन्ही वेळा वेगळाच आकडा आला तर मोजण्यात चूक आहे, गाडीत नाही.

हल्लीच्या बहुतेक लहान गाड्यांत हा फरक एक-दोन मि.मी.च्या आत असतो. आपली टेप काही मशीन नव्हे, तेव्हा एखाद्या मिलिमीटरवरून झोप उडवून घेऊ नका. पण चार-पाच मि.मी. फरक निघाला तर दुसऱ्याच दिवशी गाडी दाखवा. ही चाचणी गाडी दुरुस्त करण्यासाठी नाहीच. आपल्याला जे जाणवतंय ते खरं आहे की नाही, ते दुसऱ्या कुणाला न विचारता कळण्यासाठी आहे.

दुकानात गेल्यावर

अलाइनमेंटच्या दुकानात चाकांना पाट्या किंवा सेन्सर लावतात आणि पडद्यावर आकडे येतात. बरोबर असले की हिरवे, चुकले की लाल. काम अर्ध्या-पाऊण तासाचं. आपण बाकावर बसून चहा प्यायचा नाही. शेजारी उभं राहायचं. हसत हसत, पण उभं राहायचं.

काम सुरू व्हायच्या आधी विचारा, "हवा तपासली का? टाय रॉडचे एन्ड, बॉल जॉइंट, बुश ढिले नाहीत ना?" ढिल्या सांध्यावर केलेली अलाइनमेंट म्हणजे फाटक्या पिशवीत भाजी, घरी पोचेपर्यंत सांडलेली. माझे टायर एप्रिलमध्ये ज्या दुकानात बसवले तिथे 'नवीन टायरला अलाइनमेंट कशाला' म्हणाले होते. मी मुकाट्याने ऐकलं. पुन्हा ऐकणार नाही.

टो जुळवतात कसा, तेही माहीत असू द्या. स्टिअरिंग मधोमध सरळ करून क्लॅम्पने बांधून ठेवतात. चाकाला स्टिअरिंगशी जोडणाऱ्या टाय रॉडवर एक लॉक नट असतो. तो सैल करायचा, दांडा फिरवून लांब किंवा आखूड करायचा. हा दांडा चाकाच्या मध्याच्या मागे असेल तर लांब केल्यावर टो-इन वाढतो. पुढे असेल तर उलट. प्रत्येक चाक आपापल्या आकड्यावर आणायचं. एकाच बाजूचा दांडा फिरवून बेरीज जुळवली तर एकूण टो बरोबर दिसतो, पण स्टिअरिंग तिरकं होतं. शेवटी लॉक नट घट्ट आवळला की नाही, हे आपण स्वतः विचारायचं. हे काम घरी करायला जाऊ नका. नट ढिला राहिला तर चाक हातातून जाईल.

लहान गाड्यांत बहुधा पुढचा टोच तेवढा जुळवता येतो. कॅम्बर-कॅस्टर जुळवायची सोय पुष्कळ गाड्यांत नसतेच. म्हणून ते आकडे लाल असतील आणि कुणी 'चालतंय हो' म्हणालं, तर चालत नसतं. काहीतरी वाकलेलं किंवा झिजलेलं आहे, ते आधी शोधायला सांगा.

निघताना 'आधी' आणि 'नंतर' असे दोन्ही आकडे असलेला कागद छापून घ्या. टो कधी मिलिमीटरमध्ये असतो, कधी अंश आणि मिनिटांत. ६० मिनिटांचा एक अंश, एवढं लक्षात ठेवलं की पुरे. कागद गाडीच्या फायलीत लावा. गॅसच्या पावतीइतकाच तो महत्त्वाचा. आणि पैसे द्यायच्या आधी एक चक्कर स्वतः मारून या. स्टिअरिंग तिरकं वाटलं तर परत आत.

दोन दिवसांनी आम्ही पुण्याला गेलो. मी मुद्दाम काही बोलले नाही. हेही बोलले नाहीत. एरवी शेजारी बसून ह्यांचा उजवा पाय सारखा हवेतल्या ब्रेकवर असायचा. त्या दिवशी शिरवळ मागे पडल्यावर बघितलं, तर मान खिडकीला टेकवून हे गाढ झोपले होते. कात्रजला मी उठवलं. खांदा दुखला नाही. बामाची बाटली तशीच कपाटात आहे.

तुमची पत्रं

प्रश्न : आमची गाडी ताशी ८०-९० ला गेली की स्टिअरिंग थरथरतं. अलाइनमेंट करूनही तेच. (एक भगिनी, मिरज)

उत्तर : ठरावीक वेगाला थरथर म्हणजे बहुधा बॅलन्सिंग. चाकाचं वजन सगळीकडे सारखं नसलं की असं होतं. रिमला छोटी वजनं लावून ते सारखं करतात. अलाइनमेंट म्हणजे चाकाची दिशा, बॅलन्सिंग म्हणजे चाकाचा तोल. दोन्ही वेगळी कामं आहेत. तरीही थांबलं नाही तर रिम वाकली आहे का ते दाखवा.

प्रश्न : अलाइनमेंट किती दिवसांनी करावी? आमचे हे म्हणतात, दुकानदारांचा धंदा आहे. (एक वाचक, बार्शी)

उत्तर : गाडीच्या पुस्तकात दिलेलं असतं ते पाहा. आपल्याकडच्या रस्त्यांना साधारण पाच ते दहा हजार किलोमीटरला एकदा तपासावी. शिवाय तीन वेळा तारीख-किलोमीटर न बघता: नवे टायर घातल्यावर, सस्पेन्शनचं काम झाल्यावर आणि जोराचा खड्डा बसल्यावर. त्याच वेळी पुढचे टायर मागे आणि मागचे पुढे करून घ्या, झिज वाटली जाते. ह्यांना म्हणावं, धंदा टायरवाल्याचाही असतो, आणि तो महाग पडतो.

प्रश्न : गाडी फारशी फिरत नाही, टायर नवे दिसतात. तरी बदलायचे का? (एक भगिनी, चिपळूण)

उत्तर : आधी वय बघा. टायरच्या बाजूला चार आकडे एकत्र असतात, उदाहरणार्थ २३२१. म्हणजे २०२१ सालचा तेविसावा आठवडा. खाचा खोल असल्या तरी रबर वयाने कडक होतं, त्याला बारीक भेगा पडतात. भेगा दिसल्या किंवा सहा-सात वर्षं झाली की माहितगाराला दाखवा. उभ्या गाडीचीही हवा महिन्याला तपासा, आणि स्टेपनीला विसरू नका. किती हवा हवी ते बहुधा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर लिहिलेलं असतं.

जाता जाता एकच सांगते. रविवारी पोह्यांची कढई उतरवलीत की पाच मिनिटं बाहेर जा, स्टिअरिंग पूर्ण फिरवा आणि टायरची आतली बाजू बघा. काय दिसलं ते मला जरूर कळवा.

पुढच्या अंकात, आता नक्की, डब्यांचे चिकट तळ.